उजवे पुढचे चाक

आमच्या घरात आत्मा ही कल्पनाच मान्य नाही. आम्ही बौद्ध, त्यात मी मेकॅनिकल इंजिनिअर. त्यामुळे या सदरातले गूढ अनुभव मी आजवर चुका शोधण्यासाठीच वाचत आले. आज स्वतःचा लिहिते आहे... चूक सापडली तर जरूर कळवा.

२०१४चा हिवाळा. आईबाबा मस्कतला, दार्सैतमध्ये राहायचे. बाबा तिथून दोनेक तासांवरच्या इब्राला एका ओमानी मालकांच्या – त्यांच्या अर्बाबच्या – जुन्या गाड्या सांभाळायचे. अर्बाब तरुणपणी अमेरिकेत शिकले होते. तिथे १९७०च्या सुमारास छोट्या, स्पोर्टी गाड्यांची वेगळी स्टॉक कार शर्यत – रस्त्यावरच्याच गाड्या सुधारून पळवायची – व्हायची; त्यांतली एक लाल गाडी त्यांनी पुढे मिळवली आणि बाबांनी सात वर्षे खपून ती उभी केली. तशाच गाड्या जमवलेल्या मित्रांसोबत अर्बाब इब्राबाहेरच्या एका ट्रॅकवर शर्यत भरवणार होते.

"एकदा ये," बाबा फोनवर म्हणायचे. "एक चाक मी कसून दाखवतो, उरलेली तीन तू."

मी पुण्यात, पीएचडीच्या अर्जांत बुडालेली. "अर्ज भरून झाले की येते, बाबा." शर्यतीच्या पाच आठवडे आधी हार्ट अटॅकने बाबा गेले.

मी मस्कतला पोहोचले. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला अर्बाब दार्सैतच्या घरी आले. "रेस खलास," एवढेच म्हणाले.

"नहीं अर्बाब. गाडी मैं तैयार करूँगी."

"तू? तेरा बाबा बोलता था, मेरा बेटी सिर्फ कॉम्प्युटर में गाडी चलाता." पण डोळे पुसत त्यांनी मान हलवली.

शर्यतीच्या आदल्या दुपारी अर्बाबांच्या इब्राच्या गॅरेजमध्ये मी बाबांची वही उघडली. चाकांच्या नटांपुढे नुसता आकडा: ९०. एककाशिवाय. यावरून मी त्यांना कायम टोमणे मारायचे. टॉर्क रेंच – ठरवलेला जोर लागला की 'टक्' करणारा पाना – नव्वदवर लावून वीसही नट कसले आणि बाबांच्या पद्धतीप्रमाणे प्रत्येक नटावरून रिमपर्यंत पिवळी सरळ रेघ ओढली – नट जरा जरी फिरला, तरी रेघ तुटलेली दिसते. गॅरेजला कुलूप लावले. किल्ली एकच, बाबांची, ती माझ्याकडे. रेंचही अर्बाबकडच्या बाबांच्या खोलीत, जिथे मी उतरले होते, माझ्या बॅगेत.

सकाळी कुलूप काढले. तीन चाकांच्या रेघा सरळ होत्या. उजव्या पुढच्या चाकाच्या पाचही तुटलेल्या... आणि नट सैल नव्हे, आणखी घट्ट झाले होते. पाचही जवळजवळ सारख्याच कोनात.

नट आपोआप सैल होऊ शकतो. आपोआप कसला जात नाही. मी रेंचचा आकडा हळूहळू वाढवत नेला. शंभर. एकशे दहा. नट हलला तो एकशे बावीसला.

मग मी आकडेमोड केली. माझे नव्वद न्यूटन-मीटर होते. कॉलेजात आम्ही दुसरे एकक वापरतच नव्हतो. गाडी अमेरिकन. बाबांचे नव्वद फूट-पाउंड – म्हणजे एकशे बावीस न्यूटन-मीटर. उरलेली तीन चाके पाव हिश्श्याने कमी कसलेली होती, आणि साठी उलटलेले अर्बाब त्यांवर शर्यत धावणार होते.

"यल्ला बेटी, कितना टाइम?" अर्बाब हेल्मेट घेऊन दारात.

"तीन चाक बाकी है."

"कल तो सब हुआ बोली."

मी रेंच एकशे बावीसवरच ठेवला. तीनही चाके कसली, रेघा पुन्हा ओढल्या. अर्बाब पाचांत चौथे आले. उतरल्यावर त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

दुसरी किल्ली असू शकते, हे मला मान्य आहे. अर्बाबना मी खोदून विचारले. तशी किल्ली नव्हती, कुणी आत गेले नव्हते. थंडीने धातू आकसतो. पण एकाच चाकाचा, तोही इतका नेमका नव्हे. कुणी कसलेच असेल, तर एकच चाक का – या एका प्रश्नाचे उत्तर तेवढे मला माहीत आहे, आणि ते मी कुठल्याही शोधनिबंधात लिहू शकणार नाही.

बाबांची वही आता माझ्या टेबलावर असते. नव्वदपुढे एकक मी अजून लिहिलेले नाही.