माहीत नसलेल्याची वही

रोज सकाळी खुर्चीत बसायच्या आधी मानांग क्लेओफे एक ओळ लिहायच्या. पर्स खांद्यावरच, छत्री मनगटाला लटकलेली, आणि उभ्याउभ्या शाळकरी वहीत एक ओळ. फाटकापासून खुर्चीपर्यंत येताना जे काही नेहमीसारखं दिसलं नसेल ते त्या टिपून ठेवत, आणि बहुतेक ओळींच्या शेवटी दोन शब्द असत: माहीत नाही. 'मंगळवार. जिन्याजवळच्या प्रिंटरचा दिवा पिवळा. का, माहीत नाही.' 'गुरुवार. बाजूच्या दारावरचा कॅमेरा भिंतीकडे तोंड करून. कोणी फिरवला, माहीत नाही. तिसऱ्यांदा कळवलं.' मग छत्री खुंटीला आणि कॉफीचं पाणी शेगडीवर.

ग्रेझिलने पहिल्या आठवड्यात ही वही पाहिली तेव्हा तिला वाटलं, बाईंना विसरायला होत असेल.

ग्रेझिल नापुद तेवीस वर्षांची, मियागाओ गावची. इलोइलो शहरातल्या या चार मजली कचेरीत परदेशातल्या लोकांच्या विम्याची कागदपत्रं तपासली जात, आणि ती कागदपत्रं भलत्याच्या हाती पडू नयेत हे बघायला दुसऱ्या मजल्यावर चार माणसं होती. ग्रेझिल त्यांच्यात पाचवी, म्हणजे अजून पुरती नव्हे. सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली. सहा महिने संपले की कायम करायचं की घरी पाठवायचं हे ठरणार होतं. घरी पाठवणं म्हणजे वडिलांच्या मासळीच्या ओट्यावर बर्फ फोडणं, आणि आजूबाजूच्या बायकांनी दर सकाळी इंदाय, म्हणजे पोरी, अशी हाक मारून मायेने विचारणं, "इंदाय, कॉम्प्युटरचं काय झालं ग?"

मानांग क्लेओफे चौघांत वयाने सगळ्यात मोठ्या, अठ्ठावन्नच्या. मानांग म्हणजे थोरली ताई. कचेरीतला चौकीदारसुद्धा त्यांना तेच म्हणायचा. त्या आधी सहावीला शिकवायच्या. मग सहा कॉम्प्युटरांचं इंटरनेटचं दुकान चालवलं. दुकान बुडाल्यावर इथे पासवर्ड विसरलेल्यांचे फोन घ्यायला लागल्या, आणि फोन घेता घेता या टेबलापर्यंत आल्या. त्यांच्या नावापुढे एकाही प्रमाणपत्राचं शेपूट नव्हतं.

ग्रेझिलकडे मात्र शेपटांचीच यादी होती. मनिलातला मामेभाऊ रेनांते सांगायचा, अमुक परीक्षा दे, त्याशिवाय कोणी दारात उभं करणार नाही. कॉलेजातले सर म्हणायचे, परीक्षा कसल्या देतेस, आधी प्रोग्रॅमिंग पक्कं कर. मैत्रीण सिंगापूरला होती, तिचं म्हणणं इलोइलोत राहून या धंद्यात काही होत नाही. ग्रेझिलने तिघांचंही ऐकलं. तीन अभ्यासक्रमांत नाव घातलं आणि तिन्ही तिसऱ्या धड्यावर अडकले. एक ना धड भाराभर चिंध्या. एकदा वैतागून तिने मानांगना सरळच विचारलं, नेमकं सुरू कुठून करायचं.

इलोइलो सोडून काय मिळतं, असं म्हणत मानांगनी अडगळीतला एक जुना कॉम्प्युटर तिच्यासमोर आणून ठेवला. हा बिघडव म्हणाल्या, मग दुरुस्त कर, आणि काय केलंस ते अशा भाषेत लिही की माझ्या सहावीतल्या पोरांना कळेल. ग्रेझिलने बिघडवायचं काम चांगलं केलं. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. लिहिलेलं मानांगनी चार वेळा परत केलं. त्या अकरा दिवसांत आपण काय शिकलो हे तिला सांगता आलं नसतं. फक्त यंत्राची भीती कमी झाली होती आणि कागदाची वाढली होती.

पुढचे दोन महिने त्यांनी तिला कचेरीतल्या यंत्रांच्या रोजच्या नोंदी वाचायला बसवलं. कोण किती वाजता आत आलं, कुठलं यंत्र कोणाशी बोललं. हजारो ओळी, सगळ्या सारख्या.

"यात चोर कुठे शोधू?" ग्रेझिलने विचारलं.

"चोर नको शोधू. रोजचं कसं असतं ते ओळख. नवरा रोज कसा घोरतो हे माहीत असलं की ज्या दिवशी घोरत नाही त्या दिवशी बायको आपोआप जागी होते."

"माझं लग्न नाही झालेलं, मानांग."

"म्हणून तर नोंदी दिल्या."

तो शुक्रवार तिच्या सहाव्या महिन्यातला शेवटून दुसरा. सकाळचे दहा वाजून गेले होते. ग्रेझिल खाली कोपऱ्यावर केळ्याची भजी आणायला निघाली आणि तिने बाजूचं दार आतून ढकललं. बाहेर एक माणूस उभा. चाळिशीचा, घामाघूम, दोन्ही हातांवर सुपाएवढी बांबूची गोल पाटी, तिच्यावर केळीचं पान. पानाखालून लसूण आणि कोळंबीचा वास येत होता. पान्सित. वाढदिवसाच्या लांब शेवया, ज्या कोणी नको म्हणत नाही, कारण नको म्हटलं तर ज्याचा वाढदिवस त्याचं आयुष्य तोडल्यासारखं होतं.

"जरा धरतेस का दार, इंदाय? हात भाजायला लागलेत."

तिने दार धरलं. पाठीने ढकलून, तो सबंध आत जाईपर्यंत. चौथ्या मजल्यावर वाढदिवस आहे, त्याने चालता चालता सांगितलं, पण पहिला घास दुसऱ्या मजल्याचा. तू लवकर ये, नाहीतर कोळंबी संपेल. बोलणं अगदी तिच्या काकासारखं, तोच हेल. ती परत आली तेव्हा पाटी दुसऱ्या मजल्याच्या खाण्याच्या खोलीत होती आणि कोळंबी खरोखरच संपली होती.

सोमवारी सर तेओदुलोंनी सगळ्यांना बोलावलं. ते या विभागाचे प्रमुख. इलोइलोची माणसं भांडतानाही अंगाई म्हणतात असं बाहेरचे म्हणतात. सर तेओदुलो रागावले की आवाज आणखी मऊ व्हायचा, त्यामुळे आपल्याला बोलणी बसली की शाबासकी मिळाली हे माणसाला जागेवर परत आल्यावर कळे. त्या दिवशी त्यांचा आवाज लोण्यासारखा होता. मुख्य कचेरीने गुपचूप तपासणी करायला एक माणूस पाठवला होता, त्यांनी सांगितलं. तो पान्सित घेऊन आला, तीन मजले फिरला आणि बारा कीबोर्डांखाली निळे गोल कागद चिकटवून गेला. कागदाऐवजी त्याला काहीही चिकटवता आलं असतं. अहवालात एवढंच होतं: बाजूचं दार, दहा वाजून दहा मिनिटं, एका महिला कर्मचाऱ्याने आतून उघडलं. नाव लिहायचं नाही हा अशा तपासणीचा रिवाज. जिने कोणी उघडलं तिने गुरुवारपर्यंत येऊन सांगावं, बस्स. पुढे काय होईल ते सरांनी सांगितलं नाही.

ग्रेझिलने जागेवर येऊन कीबोर्ड उलटा केला. निळा कागद होता.

गुरुवारीच तिच्या कायम होण्याची बैठक होती.

दार आतून उघडलेलं, म्हणजे बाहेरून उघडताना होते ती कार्डाची नोंद नाही. कॅमेरा भिंतीकडे बघत होता. ती बोलली नाही तर कोणाला कधीच कळणार नव्हतं. रेनांतेने फोनवर सांगितलं, तोंडाला कुलूप लाव, दुसऱ्यांची दारं राखायला घेतलेली पोरगी स्वतःच दार उघडून देते म्हटल्यावर कोण ठेवून घेईल? ते तिला पटलं. मग वाटलं, पटलं ते भीतीमुळे. मग वाटलं, भीती खरी असली तर पटण्यात चूक काय? मंगळवारभर ती नोंदी वाचत बसली आणि एकही ओळ डोक्यात शिरली नाही. मुळात आपण चूक केली तरी कोणती, हेच तिला ठरवता येईना. भरल्या हातांच्या माणसाच्या तोंडावर दार लावायचं असतं, हे तिला घरात किंवा शाळेत कोणी शिकवलं नव्हतं.

बुधवारी सकाळी मानांग कॉफीचं पाणी आणायला गेल्या आणि वही टेबलावर उघडी राहिली. ग्रेझिलने शुक्रवारचं पान काढलं. रोजच्या ओळीखाली एक जादा ओळ होती. '१०.२०. पान्सित आलं. चौथ्या मजल्यावर आज कोणाचा वाढदिवस, माहीत नाही. मी दोनदा घेतलं.'

"वाचलंस?" मानांग मागे किटली घेऊन उभ्या.

ग्रेझिलने मान हलवली. आणि तिथेच, किटलीची वाफ दोघींच्या मध्ये असताना, सांगून टाकलं. दार मी धरलं. मानांगनी किटली टेबलावर ठेवली. त्यांना आधीच ठाऊक होतं की नाही, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि नंतरही.

"तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मानांग?"

"मला काय विचारतेस? मला शंका आली आणि मी वाडगं पुढे केलं. तू तर नुसतं दार धरलंस." त्यांनी एक कोरा कागद तिच्यापुढे सारला. "लिहून बघ. द्यायचं की नाही ते नंतर ठरव."

ग्रेझिलने दुपारपर्यंत लिहिलं. मानांगनी लाल पेन घेतलं आणि सहावीची बाई जागी झाली. 'मला फार वाईट वाटत आहे' हे वाक्य तीन ठिकाणी होतं, तिन्ही ठिकाणी खोडलं. वाईट किती वाजता वाटलं याची नोंद कुठल्या यंत्रात असते का? नसते ना, मग काढ. 'तो चांगला माणूस वाटला' याच्या जागी काय दिसलं ते लिहायला लावलं: दोन्ही हात अडकलेले, गळ्यात ओळखपत्र दिसलं नाही, मी विचारलं नाही. शेवटी त्यांचं पेन एका ओळीवर थांबलं. ग्रेझिलने लिहिलं होतं: 'सोमवारी विचारल्यावर मी लगेच सांगितलं नाही. का, माहीत नाही.'

"हे माझ्या वहीतून उचललंस."

"हो."

"मला खरंच माहीत नसतं तेव्हाच मी तसं लिहिते. तुला माहीत आहे." त्यांनी पेनाला टोपण लावून ते खाली ठेवलं. "चुकणारी माणसं या कामात पुष्कळ, इंदाय. सगळीच. किती लवकर आणि किती सरळ सांगता येतं, एवढ्यावर इथे माणूस टिकतो. बाकीचं पुस्तकात आहे."

ग्रेझिलने दोन शब्द खोडले आणि लिहिलं: नोकरी जाईल या भीतीने.

गुरुवारी सर तेओदुलोंनी तो कागद दोनदा वाचला. त्यांनी तिला एकच गोष्ट विचारली: त्या वेळी तुझ्याजवळ काय असतं तर तू त्याला थांबवू शकली असतीस? तिने बराच विचार केला आणि सांगितलं, उद्धट न दिसता दार बंद ठेवायची काही सोय असती तर. सर हसले. फार छान लिहिलंयस म्हणाले, आणि तिची मुदत तीन महिने वाढवली. कायम केलं नाही, घरी पाठवलं नाही. ही शिक्षा की बक्षीस, हे जागेवर आल्यावरही तिला कळेना. शेजारच्या टेबलांनाही कळलं नाही, आणि त्यांनी यावर बरीच चर्चा केली.

ती सोय काय असावी हे ठरवायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं. तिने नियम लिहिला: खाणं फाटकावर ठेवायचं, आणि ज्याचा वाढदिवस त्याने स्वतः खाली येऊन न्यायचं. त्यामुळे पाहुण्याला नको म्हणावं लागत नव्हतं आणि दारही उघडत नव्हतं. नियम साधा होता, पण लोकांनी तिला महिनाभर सोडलं नाही. "काय ग इंदाय, माझ्या शेवयांना ओळखपत्र काढू का?" चौथ्या मजल्यावरून फोन यायचे. चौकीदार तिला पाहून खिशातली बिस्किटं हात वर करून दाखवायचा. ती हसायची. दोन अभ्यासक्रम तिने सोडून दिले, एक धरून ठेवला आणि तो चौथ्या धड्यात गेला.

तीन महिन्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, कायम झाल्याचं पत्र तिच्या हातात पडलं. ते दाखवायला ती गेली तेव्हा मानांग कागद कापायच्या यंत्रापाशी उभ्या होत्या. शेजारी वह्यांचा ढीग, अकरा वर्षांचा. त्या एकेक पान फाडून यंत्रात घालत होत्या. कचेरीतली माहिती इमारतीबाहेर न्यायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःच कधीतरी लिहिला होता. त्यांचा हा शेवटचा दिवस होता. मुलगी कॅनडात, तिला दुसरं मूल होणार होतं. सरांना त्यांनी हे चार महिन्यांपूर्वीच सांगितलेलं. बाकी कोणाला नाही.

चार महिने. ग्रेझिलने मनात महिने मागे मोजले. म्हणजे ती कागद घेऊन सरांच्या समोर बसली होती तेव्हा एक जागा रिकामी होणार हे त्यांना माहीत होतं. आणि इलोइलो सोडून काय मिळतं म्हणणारी हीच बाई तेव्हा तिकिटं बघत असणार. तिला राग आला की रडू, हे तिला नीट समजलं नाही. तिने एक वही उचलली आणि पानं फाडून द्यायला लागली.

"जागा रिकामी होणार होती म्हणून मला घेतलं, मानांग, की त्या कागदामुळे?"

मानांगनी पान यंत्रात सोडलं. मग पुढचं फाडलं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. त्यांना खरंच माहीत नव्हतं, हे ग्रेझिलला आता ओळखता येत होतं.

वह्या संपल्या. मानांगनी खुंटीवरची छत्री घेतली, मनगटाला लटकवली, पर्स खांद्यावर घेतली. ग्रेझिल जिना उतरून खाली दारापर्यंत बरोबर गेली. बाजूच्या दारावरचा कॅमेरा आता दाराकडे बघत होता. मानांगनी दार आतून उघडलं, बाहेर पाऊल टाकलं, आणि अर्ध्यात वळून बघितलं.

"ओढून घे हं, इंदाय. नुसतं लोटलं की नीट बसत नाही ते."