रिसीव्हर जागेवर नव्हता

जपानमधल्या मोठ्या भूकंप आणि त्सुनामीनंतरच्या तिसऱ्या वर्षी, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी सकाळी पावणेनऊला मी कावासाकीत ड्यूटीवर हजर झालो. सैन्य सोडून तेव्हा सहा वर्षं झाली होती. दहा वर्षं सिग्नल्समध्ये काढून मेजर म्हणून बाहेर पडलो, पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो, आणि कंपनीने मला जपानी क्लायंटकडे पाठवलं. इलेक्ट्रॉनिक्सची मोठी कंपनी. सोबत बायको अनघा आणि नऊ वर्षांची मुलगी.

लोक सैन्यातल्या आठवणी विचारतात तेव्हा त्यांना बॉर्डर ऐकायची असते. ही आठवण वर्दी उतरवल्यानंतरची आहे. काम मात्र सिग्नल्सचंच होतं.

त्या कंपनीची अमेरिकन फुटबॉलची टीम होती. पायाने खेळतात तो फुटबॉल नव्हे. हा चेंडू लांबट असतो आणि हाताने फेकतात. खेळाडू सगळे कंपनीचेच कर्मचारी. आठवडाभर ऑफिस, शनिवार-रविवार मैदान. मे महिन्यात त्यांचे हेडसेट बिघडले. जनरल अफेअर्सचे सेक्शन चीफ मोरिता-सान माझ्या टेबलाशी आले.

"तुम्ही सैन्यात रेडिओवर होता ना?"

"होतो."

"शनिवारी याल?"

गेलो. दोन बॅटऱ्या आणि एक केबल बदलली. तेव्हापासून नेट, म्हणजे हेडसेटचं सगळं जाळं, माझ्याकडे आलं. टीमला कॅप्टन आधीच होता, मेजर म्हणजे काय ते कोणाला कळेना, म्हणून सगळे मला गुंजिन-सान म्हणू लागले. गुंजिन म्हणजे सैनिक, सान म्हणजे आपलं 'जी'.

काम सोपं होतं. स्टँडच्या वरच्या टोकाला काचेची केबिन होती. तिथे ओगावा-सान बसायचे. वय पंचावन्न, स्वतः एके काळचे नावाजलेले खेळाडू. पुढची चाल कोणती, हे ते ठरवायचे. चाल हेडसेटवरून खाली जायची, खालून हाताच्या खुणांनी मैदानात, क्वार्टरबॅककडे. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक चालीचा चेंडू येतो तो. रिसीव्हर ठरलेल्या वाटेने पळतात, ठरलेल्या पावलाला वळतात, आणि क्वार्टरबॅक चेंडू त्यांच्या हातात फेकतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना. मी ओगावा-सानांच्या शेजारी बसून नेट चालू ठेवायचो आणि सवयीने लॉग लिहायचो. वेळ, कॉल, निकाल.

आमचा क्वार्टरबॅक कान्नो ताकुमी. वय सव्वीस, उत्तरेकडच्या मियागी प्रांताच्या किनाऱ्यावरचा. सेंदाईला युनिव्हर्सिटीत असताना मासिकांच्या मुखपृष्ठावर आलेला. कंपनीने त्याला मुद्दाम भरती केलं होतं. आणि आम्ही हरत होतो. सप्टेंबरच्या पहिल्या तिन्ही मॅच हरलो. वरून पाहताना दर वेळी तेच दिसायचं. कान्नोने फेकलेला चेंडू मोकळ्या गवतावर पडायचा. तिथे आपलं कोणी नाही, त्यांचंही कोणी नाही.

तिसऱ्या मॅचनंतर मोरिता-सानांनी मला मीटिंग रूममध्ये बोलावलं. दार स्वतः बंद केलं.

"कान्नोबद्दल तुमचं मत?"

"मला खेळ पाच महिन्यांपूर्वी कळला. माझ्या मताला अर्थ नाही."

"पण नजर आहे. लोक म्हणतात, तो पुढच्या वर्षी दुसऱ्या टीमकडे जाणार आहे. योकोहामाची टीम. म्हणून मुद्दाम असा फेकतो. प्रॅक्टिस संपली की कोणाशी न बोलता निघतो. कुठे जातो, कोणाला माहीत नाही. तुम्ही बाहेरचे आहात. तुम्ही लक्ष ठेवलेलं कोणाला जाणवणार नाही."

मी होकार दिला नाही आणि नकारही दिला नाही. पण संशय कानात पडला की डोळे आपलं काम सुरू करतात. पुढच्या प्रॅक्टिसला मी चेंडू पाहिलाच नाही. कान्नोला पाहिलं. पास चुकला की तो चिडत नव्हता. हात हलवत नव्हता. रिसीव्हरकडे बघतही नव्हता. चेंडू जिथे पडला त्या जागेकडे दोन सेकंद बघायचा आणि परत फिरायचा. मला वाटलं, ज्याला हरण्याचं दुःख नाही तो असाच वागतो.

आमचा मुख्य रिसीव्हर इशी. गोदाम विभागातला, बोलका मुलगा. पाणी पिताना तो माझ्याजवळ आला.

"गुंजिन-सान, वरून दिसतं ना? तो आमच्यासाठी फेकतच नाही."

"म्हणजे?"

"मी वळायच्या आधीच चेंडू गेलेला असतो. मला वाईट दाखवायचं आहे त्याला."

मी हेही लिहून ठेवलं.

त्या रविवारी प्रॅक्टिस दुपारी अडीचला संपली. अनघाने मला निशी-कसाईच्या भारतीय दुकानातून गव्हाचं पीठ आणि पोहे आणायला सांगितलं होतं. स्टेशनवर कान्नो समोरच्या प्लॅटफॉर्मवर दिसला, पाठीवर चेंडूंची पिशवी. तो घराच्या उलट दिशेला निघाला होता. मी प्लॅटफॉर्म बदलला. पुढच्या डब्यात चढलो.

३.१० ला तो तामा नदीजवळच्या एका स्टेशनवर उतरला. कोम्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानातून, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या. दोन, हे मी टिपलं. नदीकाठच्या मैदानावर एक माणूस त्याची वाट पाहत होता. जॅकेटवर योकोहामाच्या टीमचं चिन्ह होतं. मी बांधावर सायकलच्या वाटेच्या कडेला बसलो. दोघांनी हात मिळवले नाहीत. बोलले फारच थोडं. मग तो माणूस पळू लागला आणि कान्नो फेकू लागला.

पन्नास मिनिटं. तीस पास. मी मोजले. चेंडू हातातून सुटायचा तेव्हा त्या माणसाची पाठ असायची. तो वळायचा आणि चेंडू त्याच्या छातीशी असायचा. तीसपैकी अठ्ठावीस त्याने पकडले.

घरी पोचायला सहा वाजले.

"पीठ?" अनघाने विचारलं.

"राहिलं."

सगळं ऐकून ती हातातलं काम ठेवून समोर बसली. "तू त्याचा पाठलाग केलास? रविवारी? पीठ सोडून?"

"मोरिता-सानांनी सांगितलं होतं."

"आणि आता त्यांना काय सांगणार?"

"कुठे गेला, कोणाला भेटला."

"आणि अठ्ठावीस पकडले, ते?"

"ते विचारलेलं नाही."

ती उठली. "मला तुझ्या खेळातलं कळत नाही. पण तिकडे पकडले जातात आणि इकडे नाही, हे मला इथे बसून विचित्र वाटतंय. तुला तिथे बसून वाटलं नाही?"

वाटलं होतं. पण ते लिहिण्याआधी मला आणखी एक मॅच बघून खात्री करायची होती. सोमवारी सकाळी मी मोरिता-सानांना तीन ओळींचा ईमेल पाठवला. स्टेशनचं नाव. वेळ. योकोहामाच्या टीमच्या खेळाडूबरोबर पन्नास मिनिटं. पासांचा उल्लेख नाही.

तो ईमेल त्यांच्यापाशी राहिला नाही. बुधवारपर्यंत टीममधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

रविवारी मॅच दुपारी एकला सुरू झाली. त्याआधी मी चेंजिंग रूममध्ये हेडसेट द्यायला गेलो. कान्नो बाकाच्या टोकाला बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. "शुभेच्छा," मी म्हणालो. "आभारी आहे, गुंजिन-सान," तो म्हणाला. ईमेल कोणाचा, हे त्याला ठाऊक होतं. मला ते नंतर कळलं.

पहिल्या हाफमध्ये मी प्रथमच चेंडू आणि कान्नो दोन्ही सोडून रिसीव्हर पाहिले. इशी बारा पावलांची वाट दहाव्या पावलाला वळवत होता. काटकोनात वळायचं तिथे गोल फिरत होता. दुसरा रिसीव्हर सुटतच नव्हता, त्याच्यावर नेमलेला माणूस सतत त्याच्या खांद्याशी. चेंडू जिथे पडत होता ती जागा बरोबर होती. माणूस तिथे पोचत नव्हता. मी लॉग मागे चाळला. थर्ड डाउन म्हणजे तिसरा प्रयत्न. चार मॅचचे मिळून असे चोवीस, आणि त्यातले एकोणीस वेळा ओगावा-सानांचा कॉल एकच होता. सेवन डीप. लांब पास. क्वार्टरबॅकने चार सेकंद उभं राहायचं आणि लांब फेकायचं. हे मला कळत होतं तर समोरच्या टीमला केव्हाच कळलं असणार.

२.२२. थर्ड डाउन. अकरा यार्ड बाकी.

"सेवन डीप," ओगावा-सान हेडसेटवर म्हणाले.

खालून आवाज आला, "कान्नो छोटा पास मागतोय."

"नको. सेवन डीप."

"तो म्हणतो, त्यांचा मागचा माणूस आधीच सरकलाय."

"सेवन डीप. पाठवा."

मी तोंड उघडलं होतं. "ओगावा-सान, तो बरोबर सांगतोय." पण तोवर खाली खूण गेली होती.

चेंडू कान्नोच्या हातात आला. एक सेकंद. दोन. इशी आठ पावलं पळाला आणि चालू लागला. मी स्पष्ट पाहिलं. तो चालू लागला. कान्नो फेकणार होता, हात वर गेला होता, आणि प्रथमच तो थांबला. जागेवर माणूस नाही हे त्याला दिसलं होतं. तिसऱ्या सेकंदाला त्यांचा एक भारी खेळाडू मागच्या बाजूने आला. धडक उजव्या खांद्यावर बसली.

कान्नो उठला नाही.

"मेडिक," मी हेडसेटवर म्हणालो. मराठी, जपानी की इंग्रजी, आठवत नाही. "मेडिक, फास्ट."

ओगावा-सानांनी हेडसेट काढून टेबलावर ठेवला. स्ट्रेचर २.२६ ला मैदानात आलं.

हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये संध्याकाळी पाचला नदीकाठचा तो माणूस आला. नाव नाकामुरा. मी उठून उभा राहिलो आणि त्याला सरळ विचारलं, "कान्नो तुमच्या टीमकडे येणार होते?"

"नाही. मीच त्याला विचारलं होतं. तो म्हणाला, ज्यांनी नोकरी दिली त्यांना सोडणार नाही."

"मग त्या रविवारी नदीकाठी?"

तो बाकावर बसला. "युनिव्हर्सिटीत आम्ही तिघं होतो. कान्नो, मी आणि हारुकी. हारुकी पहिला रिसीव्हर. कान्नोचा चेंडू माणसाकडे जात नाही, जागेकडे जातो. हारुकी त्या जागी असायचाच. एक पाऊल इकडे नाही की तिकडे नाही. भूकंपाच्या वर्षी मार्चमध्ये तो गावी घरी होता. भूकंपानंतर टेकडीवर चढला होता. शेजारच्या म्हाताऱ्या बाई दिसल्या नाहीत म्हणून परत खाली गेला, आणि त्सुनामीची लाट आली. त्याच्या वाटा मला पाठ आहेत. म्हणून रविवारी मी पळतो. नाहीतर कान्नोला वाटायला लागलं होतं की आपल्याला फेकता येत नाही."

मी त्याला सांगितलं की ईमेल मी लिहिला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग उठून आत गेला.

मंगळवारी मी दुसरा रिपोर्ट दिला. अकरा पानं. चारही मॅचचा व्हिडिओ आणि लॉग समोरासमोर. पहिल्या पानावर लिहिलं की माझा आधीचा रिपोर्ट अपुरा होता आणि त्यातून निघालेला अर्थ खोटा आहे. मोरिता-सान आणि ओगावा-सान दोघांना बसवून पास एकेक करून दाखवले. सव्वादोन तास लागले.

"हे सगळे कॉल माझे?" ओगावा-सानांनी विचारलं.

"हो."

"एकोणीस?"

"आता वीस."

ते पडद्याकडे बघत म्हणाले, "असा हात मी माझ्या आयुष्यात पाहिला नव्हता. वाटलं, छोटे पास देऊन तो वाया घालवू नये." मग म्हणाले, "पकडणार कोण, हे मी पाहिलंच नाही."

त्यांनी त्या आठवड्यात टीमचं काम सोडलं. मोरिता-सानांनी संपूर्ण टीमसमोर वाकून माफी मागितली. इशी हॉस्पिटलमध्ये गेला आणि दाराबाहेर तासभर उभा राहिला. कान्नोनेच त्याला आत बोलावलं. काय बोलले ते मला माहीत नाही. खांद्यावर दोन ऑपरेशनं झाली. हात खांद्याच्या वर गेला नाही. पुढच्या वसंतात कान्नोने नोकरी सोडली आणि तो गावी गेला.

माझं कॉन्ट्रॅक्ट आणखी दीड वर्ष चाललं. पुण्याला परतण्याआधी मी त्याला पत्र लिहिलं. त्याने गाडीची वेळ कळवली. बाकी काही नाही.

स्टेशनवर तो स्वतः घ्यायला आला होता. गाडी डाव्या हाताने चालवत होता. समुद्राच्या बाजूला नवी उंच भिंत बांधत होते. मी ठरवून गेलेली वाक्यं म्हटली. ईमेल मी पाठवला. जे पाहिलं ते पूर्ण लिहिलं नाही. त्याची किंमत तुम्ही दिलीत.

"तुम्ही दुसरा रिपोर्टही लिहिलात," तो म्हणाला. "तो मला इशीने वाचायला दिला. पाचव्या पानावर तुम्ही लिहिलंय, चेंडू बरोबर जागी होता. ते वाक्य मी आईला वाचून दाखवलं."

त्याने गाडी टेकडीवर चढवली. वर स्मशानभूमी. नावं कोरलेल्या नव्या दगडांची एक रांग. हारुकीच्या दगडापाशी त्याने पाणी ओतलं, उदबत्त्या लावल्या. मीही एक लावली. डोक्यावर टोपी नव्हती, आणि सैन्यात उघड्या डोक्याने सॅल्यूट करत नाहीत. सावधान उभा राहिलो.

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "सैन्यात तुमचं कोणी गेलं?"

असं मला जपानमध्ये कोणी विचारलं नव्हतं. भारतातही फारसं कोणी विचारत नाही.

"एक ऑपरेटर. गस्तीवर होता. बर्फात अडकले तेव्हा त्याने रेडिओवर जागा कळवली. पोस्टवर ती चुकीची लिहून घेतली गेली. मदत दुसऱ्या नाल्यात गेली. चौकशीत म्हणाले, त्यानेच चुकीची पाठवली असणार. मी तेव्हा लेफ्टनंट होतो. चूक लिहून घेणाऱ्याची असावी, अशी मला शंका होती. मी गप्प राहिलो."

"नाव?"

"नायक तुकाराम शेळके."

कान्नोने ते हळू म्हणून पाहिलं. दोनदा अडखळला, तिसऱ्यांदा जमलं. मग पिशवीतून आणखी एक उदबत्ती काढून माझ्या हातात दिली.

"त्यांच्यासाठी," तो म्हणाला.

मी ती लावली. आणि मोठ्याने, मराठीत म्हणालो, "शेळके, तुझा मेसेज बरोबर होता."