एका दिवसाच्या गोळ्या

“घंटी दिल्याशिवाय मी हलत नाय.”

हे त्याचं वाक्य. मुरबाड–शहापूर गाडीवर तो ड्रायव्हर आणि मी कंडक्टर, अशी आमची अकरा वर्षं गेली. गाडी गच्च भरलेली, मागे लोक बोंबलतायत, तरी हा स्टेअरिंगवर हात ठेवून आरशातून माझ्याकडे बघत बसायचा. मी दोरी दोनदा ओढली की मगच गिअर. एकदा दोरीच तुटली. मी ओरडून सांगितलं, चल बाबा. पठ्ठ्या हलेना. शेवटी तिकिटाच्या पंचने दांडीवर दोनदा ठोकलं, तेव्हा गाडी निघाली.

असा एखादा ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल, नियमाचा पक्का आणि वर हट्टी. मी त्याला शिव्या घालायचो, पण त्याच्या गाडीत मला कधी भीती वाटली नाही.

पुढे त्याच्या हृदयानेच दगा दिला. डॉक्टरांनी गाडी बंद केली. दोन वर्षांत बायको गेली. मुलगा नोकरीला नाशिकमध्ये. मुरबाडजवळच्या म्हसा गावापाशी भाताची दोन खाचरं, एक म्हैस आणि हा. मी निवृत्त होऊन मुरबाडला, मीही एकटाच. लग्न जमलं नाही, ती वेगळी रड आहे.

फोन व्हायचा. “दिवसभर तोंडातून शब्द निघत नाय रे, मास्तर,” तो म्हणायचा. आमच्यात कंडक्टरला मास्तर म्हणतात. “काल म्हशीशी बोलत बसलो, ती पन उठून गेली.” मी हसायचो. एकदा म्हणाला, “या हार्टच्या गोळ्या एकदम घेतल्या का सुटलो.” मी त्यावरही हसलो. गाडीवर आम्ही कशालाही हसायचो, तीच सवय. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

तो फोन आला तेव्हा मी एका कामासाठी शहापूरला गेलो होतो आणि न्हाव्याच्या खुर्चीत बसलो होतो. दुपारचे तीन. एक गाल झालेला, दुसऱ्यावर फेस.

“मास्तर, डबा समोर हाय. आज घेतो सगळ्या. कोनाला सांगू नको, तुला माझी शपथ.”

आवाज इतका शांत की मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

“घेतल्यास का?”

“नाय अजून.”

शपथ मोडली तर मोडली. खिशातल्या डायरीतून त्याच्या शेजारच्या वहिनींचा नंबर काढला, न्हाव्यापुढे धरला आणि फोनवर हात ठेवून म्हटलं, “तुझ्या फोनवरून लाव. म्हणावं, ताबडतोब त्याच्याकडे जा, गोळ्या काढून घ्या, एकटं सोडू नका.” न्हावी वस्तऱ्यासकट बाहेर पळाला.

इकडे मी काय बोलणार? समजूत घालायला मला कधी जमलं नाही. ‘तू मला हवा आहेस’ असं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, “मी घंटी दिली का?”

पलीकडे डबा खुळखुळला.

“विचारतोय मी. घंटी दिली का?”

“नाय.”

“मग हलायचं नाय.”

तो रडायला लागला. अकरा वर्षांत मी त्याला रडताना ऐकलं नव्हतं. मी रडू दिलं, फोन काही ठेवला नाही. मग दार वाजलं आणि वहिनींचा आवाज आला, “भाऊजी, आना तो डबा हिकडं. आनि बसा गप, मी हाय इथं.”

मिळेल त्या जीपने मी मुरबाडच्या दवाखान्यात पोचलो. वहिनी आणि त्यांचा नवरा त्याला तिथे घेऊन आले होते. खाटेवरून त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

“अर्धीच दाढी?”

“तुझ्यामुळे राहिली.”

तो हसला आणि मग त्याने भिंतीकडे तोंड केलं. मी त्याचा हात धरून बसलो.

डॉक्टरांनी त्याला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि मला बजावलं, गोळ्या चुकवायच्या नाहीत, पण साठा त्याच्या घरात ठेवायचा नाही. तेव्हा डबा माझ्या घरी आला. रोज सकाळी म्हसा गाडी पकडायची, खिशात एका दिवसाच्या गोळ्यांची पुडी. तो ओट्यावर वाट बघत असायचा. गोळी गिळून जीभ बाहेर काढून दाखवायचा. “बघ, गेली. आता काय तिकीट फाडतोस?” मग चहा. “रोज येतोस, लोकांना वाटतंय सोयरीक जमवतोयस,” म्हणायचा. म्हशाची जत्रा आली तेव्हा दोघं बैल बघून आलो, घ्यायचं काही नव्हतं. काही दिवस वाईटही निघायचे. मग तो सरळ सांगायचा, “आज मन बरं नाय, थांब जरा.” मी परतीची गाडी सोडून द्यायचो. असं दीड वर्ष चाललं.

यंदा भातकापणी झाल्यावर मुलगा येऊन त्याला नाशिकला घेऊन गेला. म्हैस वहिनींकडे गेली. सून समजूतदार आहे. डबा मी तिच्याच हातात दिला, काय काय सांभाळायचं ते सगळं सांगितलं. निघताना तो म्हणाला, “मास्तर, तुज्याकडं सकाळी कोन येतं रे?”

“मला कशाला कोण पाहिजे? मी ठणठणीत आहे.”

गेल्या आठवड्यात सवयीने स्टँडवर गेलो आणि म्हसा गाडीत जाऊन बसलो. तरुण कंडक्टरने विचारलं, “काका, कुठलं देऊ?” मी तसाच खाली उतरून बाकावर बसलो. आठ वाजले, नऊ वाजले. घरी जाऊन काय करायचं, ते सुचत नव्हतं. शेवटी त्याला फोन लावला.

“घेतल्या रे गोळ्या,” तो म्हणाला.

“त्याच्यासाठी नाही केला. मला करमत नाही.”

हे वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नव्हतो.

तिकडे तो सुनेला म्हणाला, “टीव्ही बंद कर गो.” खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

“हां, बसलो. बोल आता.”