हौद्याच्या हुडाची दुमड

शाळा मी आठवीत सोडली. गाव सुटलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. हिंगोलीकडचा मी. कामशेतला जुन्या हायवेच्या कडेला गाड्यांच्या सीटा आणि हूड शिवणारं एक दुकान आहे, तिथं विचारायला गेलो तेव्हा मालकांनी कितवी शिकलास म्हणून विचारलं नाही. मशीनवर कापड ठेवलं आणि म्हणाले, "एक सरळ शिलाई मार." ती सरळ आली. त्या दिवसापासून मी इथंच आहे. पण उपकार इतके वाटायचे की, कात्री हातातून पडली तरी मनात यायचं, झालं, आता पिशवी भरा.

मालकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाची ही गोष्ट. ते पंधरा दिवस घरी राहणार होते. जाताना म्हणाले, "येईल ते काम घे. घाबरत बसू नकोस." मी लगेच घाबरलो.

तिसऱ्या दिवशी दुकानासमोर एक जुनी पिकअप येऊन थांबली. जीपसारखं नाक, मागं सामानाचा उघडा हौदा, वय माझ्याहून जास्त. रंग मात्र नवाकोरा हिरवा. पवन मावळातले एक आबा आणि त्यांचा मुलगा उतरले. गाडी कित्येक वर्षं गोठ्यात उभी होती, सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तळेगावच्या मेकॅनिककडं दोन वर्षं ठेवून आबांनी ती पुन्हा चालती केली होती. आता हौद्यावर काय घालायचं, एवढंच राहिलं होतं.

मुलानं मोबाइल पुढं केला. एका फोटोत फायबरचं सपाट झाकण, कुलूप लागणारं. दुसऱ्यात काळं चकचकीत रेक्झिन. आबांनी पोत्यातून जुनं कॅनव्हासचं हूड काढलं. माथ्याची चाळण झालेली, बाजूचे पडदे मात्र अजून धड.

"ह्या परमाणं शीव," आबा म्हणाले.

"आबा, आता कोण लावतंय कॅनव्हास? लोक हसतील."

"हसू दे. लोकांचं दात तरी दिसतील." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "मास्तर, तुमी सांगा. तुमचं काम हाय."

मला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं. थोडा वेळ काढावा म्हणून मी हौद्यात चढलो. तळाच्या पत्र्यावर, नव्या रंगाखाली, गोल गोल वळ उमटलेले दिसले.

"दूध न्यायचात का, आबा?"

"न्यायचो न्हाई, न्यायचंय. लोणावळ्याला. आत्ता भाड्याच्या टेम्पोनं जातंय. मेकॅनिक ठोकून सपाट करतो म्हणाला, मी म्हणलं, हात लावू नको. कॅन तितंच बसत्यात."

मी बाजूचा पत्रा मापला आणि कॅनची उंची विचारली. कॅन पत्र्याहून हातभर वर येत होता. "मग सपाट झाकणाखाली कॅन उभा राहणार नाही," मी म्हणालो. "आणि रेक्झिनमध्ये दूध तापेल. कमानी लावून वरून कॅनव्हास घेऊ."

"ऐकलंस?" आबा मुलाला म्हणाले. "तू काय कॅन झोपवून नेणार व्हतास, व्हय रं?" मुलगाही हसला.

जुनं हूड मी मापासाठी पसरलं. चारी कडांना कापड आत दुमडून लांब लांब ढिल्या टाक्यांनी धरलं होतं. मला वाटलं, कुणीतरी आळशासारखं काम केलंय. मी दुमड ठेवली नाही. गाडीच्या रंगाचा हिरवा कॅनव्हास घेऊन नेमक्या मापानं, आमच्या गावाकडं शिवतात तसं ताणून शिवलं. आमच्याकडं भांडण धुळीशी असतं. जरा ढिलं ठेवलं की आत फुफाटा. आबांनी वर टिचकी मारली आणि म्हणाले, "ढोलकीच की!" गाडी गेली, त्या दिवशी मी दोन वेळा चहा प्यालो.

नऊ दिवसांनी गाडी परत आली. लोणावळ्याला सलग तीन दिवस पाऊस लागून होता. मी लांबूनच पाहिलं. कापड आटलं होतं. हूड चारी बाजूंनी वर चढलेलं, पोराला मागच्या वर्षीचा सदरा घातल्यासारखं. दोरीच्या रिंगा हुकांपर्यंत पोचत नव्हत्या. नेमके त्याच दिवशी मालक काळा चष्मा लावून दुकानात आले होते.

कुणी काही बोलायच्या आत मीच म्हणालो, "चूक माझी आहे. मी नवं शिवून देतो."

"तुमच्या गावाकडं पाऊस नुसती हजेरीची सही करून जातो का काय?" आबा म्हणाले.

मालकांनी कडेवरून बोटं फिरवली. "दुमड कुठाय?"

"मी ठेवली नाही. मला ती चूक वाटली."

मालकांनी कडेवर चार बोटं आडवी धरून दाखवली. "इथं सुती कॅनव्हास पाणी पितं आणि आटतं. म्हणून चार बोटं दुमडून ठेवायची. दोनदा भिजलं की टाका तोडायचा, कापड खाली येतं. मी सांगायला हवं होतं. हे सांगावं लागतं, हेच माझ्या ध्यानात आलं नाही."

मुलगा म्हणाला, "आबा, अजून वेळ गेली नाही. फायबर बसवू."

आबा माझ्याकडं बघत होते. माझी नजर कोपऱ्यात पडून राहिलेल्या, जुन्या हुडाच्या पोत्यावर गेली.

"आबा, जुन्या हुडाचे पडदे धड आहेत. ते कापड आटायचं तेवढं कधीच आटलंय. त्याची पट्टी खाली जोडतो. रंग मात्र वेगळा दिसेल."

"दिसू दे," आबा म्हणाले. "कॅन उभंच जाणार. आन् शिवायचं ह्यानंच."

मालकांनी मशीनवरची धूळ पुसली आणि मला बसायला जागा करून दिली. त्यांनी माझ्या हातून काम काढून घेतलं नाही, हे मला कितीतरी वेळ खरं वाटत नव्हतं. हिरव्या हुडाला खाली राखाडी काठ लागला. हिरवं अजून आटलं तर म्हणून काठालाही चार बोटं दुमड ठेवली, ढिल्या टाक्यांनी.

पुढच्या आठवड्यात पावसातच आबा आले. उतरले, दोरी ओढून दाखवली. सगळ्या रिंगा हुकात. मग मागचा फाळका पाडून त्यांनी कॅनचं झाकण उलटं केलं, त्यात दूध ओतलं आणि माझ्यापुढं धरलं.

"प्या मास्तर. आत पावसाचा थेंब आला न्हाई."