टॉवरला बांधलेला जावई

मी माळावर पोचलो तेव्हा त्याला टॉवरच्या पायाला बांधून झालं होतं. दोन्ही हात मागं ओढून अंबाडीच्या कासऱ्यानं आवळले होते आणि उजव्या हाताची बोटं काळीनिळी पडायला लागली होती. कमलनगरहून मोटारसायकलवर येताना सुट्टीच्या दिवशी कामाला लावलं म्हणून मी वाटभर शिव्या घालत आलो होतो. ते सगळं तिथंच विसरलो.

दोन राज्यांच्या सरहद्दीवरच्या खेड्यांतले टॉवर सांभाळायचं माझं काम. ह्या माळावर विजेची लाइन नाही. म्हणून उन्हावर चालणारी पॅनलं, एका लोखंडी पेटीत बॅटऱ्या, आणि वर एक रेडिओ, जो कमलनगरचं नेट पकडून खालच्या गावाला देतो. त्याच नेटवर गावातल्या रेशन दुकानाचं अंगठ्याचं मशीन चालतं. नेट नसलं की अंगठा उमटत नाही, आणि अंगठा नसला की तांदूळ नाही, जोंधळा नाही. दोन-चार दिवसांपासून रेडिओ बंद पडला होता आणि आज महिन्याचा शेवटचा दिवस होता. आज धान्य उचललं नाही तर ह्या महिन्याचं बुडालं.

बांधलेला माणूस टॉवरचा राखणदार. औरादकडचा, ह्या गावात घरजावई म्हणून आलेला. गाव त्याला नुसतं ‘जावई’ म्हणायचं, आणि त्यात मान कमी, टोमणा जास्त असायचा.

“बॅटऱ्या इकल्या ह्यानं,” हातात काठी घेतलेला एक तरणा गडी मला म्हणाला. “नव्या इकून भंगार आणून ठिवलंय. पेटीची चावी ह्याच्यापाशीच असती का न्हाई?” आणि बोलता बोलता त्यानं काठी जावयाच्या नडगीवर हाणली. हाडाचा आवाज झाला. जावयाची बायको त्याच्या पायापाशी बसली होती, रेशन कार्डाची पिशवी छातीशी धरून. ती आता ओरडतही नव्हती.

“आधी सोडा त्याला,” मी म्हणालो.

“तू बी त्याच्यात हाईस व्हय?” काठी माझ्या खांद्यावर पडली. मला राग लवकर येतो आणि राग आला की अक्कल चरायला जाते. मी त्या गड्याची गचांडी धरून दोन मुस्काटात ठेवून दिल्या. मग पाचसहा जण माझ्यावर तुटून पडले. नाक फुटलं, हत्यारांची पिशवी कुणीतरी उलटी करून माळावर फेकली, आणि एक लाथ बरगडीत अशी बसली की थंडीत ती बरगडी अजून दुखते.

थांबवलं ते अप्पांनी. गावातलं मोठं माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, शब्दाला वजन. “त्याला मारू नका,” ते म्हणाले. “त्यो दुरुस्त करंल. आज नेट न्हाई आलं तर जावयाचा हात मोडू. चोरीचा हात हाय त्यो.” चहा सांगावा इतक्या शांतपणे बोलले. सगळ्यांनी माना हलवल्या, आणि ते खरंच मोडणार हे मला त्या माना बघूनच कळलं.

हाताला लागली तेवढी हत्यारं गोळा करून मी जावयाच्या चावीनं पेटी उघडली. बॅटऱ्या मी स्वतः बसवलेल्याच होत्या, माझ्या हातची सीलं जशीच्या तशी. “बघा, डोळं हायेत का? ह्याच त्या. इकल्या कुठं?”

“मग नेट कामून बंद हाय?” काठीवाला म्हणाला.

ते मला तरी कुठं माहीत होतं. बॅटऱ्या उपाशी होत्या. डोक्यावर कडक ऊन, आणि मीटरवर बघावं तर पॅनलांकडून करंट नावालाच येत होता. एकेक वायर सोडून तपासली. नाकातलं रक्त पेटीत ठिबकत होतं. मी एक स्क्रू ढिला केला की मागं तो काठीवाला जावयाला एक हाणायचा, “बोल, कुणाला इकल्या?” जावई म्हणायचा, “न्हाई इकल्या.” मग परत फटका.

वायरी सगळ्या ठीक निघाल्या. शेवटी पॅनलांच्या चौकटीवर चढलो आणि पाय टेकायच्या आधीच सगळं दिसलं. प्रत्येक काचेवर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, चार बोटं रुंद भस्माचे तीन पट्टे.

आमच्या इकडं दसऱ्याच्या आयुधपूजेतून लोखंडाची कुठलीच वस्तू सुटत नाही. ट्रॅक्टर, पिठाची गिरणी, शिलाई मशीन, आणि आता टॉवर. गाव वाजतगाजत वर आलं असणार, पट्टे ओढायला अप्पा पुढं. भस्म दुधात कालवलेलं, वरून नारळाचं पाणी. मग सोयाबीनची मळणी सुरू झाली, तिची धूळ त्या चिकट्यावर बसत गेली आणि पट्ट्यांची पपडी झाली. पाऊस तर संपलेलाच. काचेखालच्या काळ्या चौकटी एकमेकींच्या हातात हात घालून काम करतात. एक झाकली की अख्खी ओळ बसते.

“अप्पा,” मी वरून म्हणालो, “तुमच्या हातचं भस्म हाय हे. ह्यानंच बंद पडलंय.”

मी अंगातला शर्ट काढला, तसे अप्पा म्हणाले, “पुसू नको. पूजेचं हाय.”

मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही. खाली उतरून राखणदाराच्या घागरीत शर्ट भिजवला आणि परत चढून घासायला लागलो. पाठीत एक दगड बसला, मग दुसरा. तेवढ्यात जावयाची बायको तीच घागर घेऊन चौकटीवर चढली आणि नखांनी पपडी खरवडायला लागली. दगड थांबले. ती गावची लेक होती, तिच्यावर कुणी हात टाकणार नव्हतं.

काचा स्वच्छ निघाल्या तसा मीटरचा आकडा सरसर चढला. पण एवढ्या खाली गेलेल्या बॅटऱ्या थोड्या भरल्याशिवाय रेडिओ चालू होत नाही. माझ्या गाडीची बॅटरी लावूनही भागलं नसतं, इथं विजेचा दुप्पट दाब लागतो. मी हे समजावून सांगितलं.

“खोटं बोलायलाय,” काठीवाला म्हणाला.

अप्पांनी वर बघितलं. “ऊन उतरंपतूर थांबू.”

“दोरी तरी ढिली करा. त्याचा हात बघा की.”

“नेट आल्यावर.” आणि त्यांनी तोंड फिरवलं.

ह्याचा राग मला अजून येतो. पट्टे त्यांनी ओढले, करंट वाढलेला आपल्या डोळ्यांनी बघितला, तरी गाठीला कुणी हात लावला नाही. माळावर झाड नाही, म्हणून सगळे पॅनलांच्या सावलीत जाऊन बसले. तंबाखू मळली. जावई उन्हात. मी त्याच्या तोंडाला पाणी लावलं, त्यातलं निम्मं रक्ताबरोबर हनुवटीवरून खाली गेलं. काठीवाल्याला मधेच कंटाळा आला की तो उठून त्याच्या पोटात काठी ढोसून यायचा. मी उठायला गेलो की दोघं जण मला खाली दाबायचे.

ऊन कलायला लागलं आणि रेडिओचा हिरवा दिवा लागला. सगळ्यांच्या खिशातले फोन एकदम वाजायला लागले. “आलं, आलं,” म्हणत माणसं उतारानं रेशन दुकानाकडं पळत सुटली. चपला राहिल्या, काठी राहिली. अप्पासुद्धा धोतराचा सोगा धरून पळाले. मागं वळून एकानंही बघितलं नाही.

बायको गाठीला भिडली. घामानं आणि ओढून ओढून गाठ दगड झाली होती. ती दातांनी तोडायला लागली. मी माळावर रांगत माझी पक्कड शोधत होतो.

“सोड ते,” जावई तिला म्हणाला. “हाताचं मागून बघू. तू जा आधी, नंबर धर. मी कुठं जायलोय?”

तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, तोंडातले अंबाडीचे धागे थुंकले, आणि कार्डाची पिशवी उचलून उतारानं पळाली.