रिकामी गोफण

भोरड्या यायच्या थंडीत. जैनथच्या शिवारात ज्वारी हुरड्यावर आली, की एका सकाळी या पाखरांच्या थव्यांनी आभाळाचा एक तुकडाच गुलाबी होऊन खाली उतरायचा. मी जन्मापासून ते बघत आलेली, तरी दर वर्षी माझं तोंड उघडंच राहायचं. पाखरं मोजायचीही पदवी मिळते, हे मात्र विद्यापीठात गेल्यावर कळलं.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. पाखरांच्या वागण्याचा अभ्यास करणारा आमचा गट म्हणजे सर, दोन मुलं आणि मी. गटाचा नियम एकच: दिसलं तेवढंच लिहायचं, वाटलं ते नाही. माझा विषय ज्वारीवरच्या भोरड्या, म्हणून मी माझ्याच गावी येऊन बसले. काही वावरं राखणीची, काही बिनराखणीची. कुठं किती पाखरं उतरतात ते रोज मोजायचं. राखणीचं पहिलं वावर आमचंच धरलं, कारण बाबांसारखी गोफण शिवारात कुणाची नव्हती.

बाबांनी अशी चोख राखण केली, की आमच्या ज्वारीवर पाखरू फिरकेना. मी तोंडाची फटकळ. एकदा जेवता जेवता चिडून बोलले, "पाखरंच येऊन नाही राह्यले, मी काय लिहू, कपाळ! बुडली माही डिग्री." बाबा भाकर मोडत राहिले.

आणि काय नवल बाई, चारच दिवसांत भोरड्या उतरायला लागल्या! मी पलीकडच्या बांधावर दुर्बीण घेऊन बसायची. धुक्यात कणसं बुडालेली, वर राखणीच्या माळ्यावर बाबा, झोपेत असल्यासारखे संथ हात फिरवताना. फट्ट आवाज व्हायचा. मी लिहायची: गोफण मारली, पाखरं उडाली नाहीत. मग ऊन यायचं, गुलाबी पाठी कणसाकणसावर हलायच्या, हातातला चहा गार होऊन जायचा. ही सकाळ संपूच नये असं वाटायचं, आणि ते काही वहीत लिहिता यायचं नाही.

शहरातल्या सरांना मी पत्रानं कळवलं. ते हरखलेच. पाखरं गोफणीला सरावली, आवाजानं काही होत नाही हे शिकली, तुझ्या प्रबंधाचा कणाच हा, असं त्यांनी लिहिलं. दोन्ही मुलांना घेऊन स्वतः बघायला येतो म्हणाले. मी तर हवेतच.

ते यायच्या दिवशी मायला बरं नव्हतं, म्हणून बाबांची न्याहारी घेऊन मी माळ्यावर चढले. कोपऱ्यात गोट्यांचं टोपलं होतं. हंगामाच्या सुरुवातीला पैनगंगेवरून मीच भरून आणलेलं. त्यावर कोळ्यानं जाळं विणलं होतं. मी बाबांच्या हातातली गोफण ओढून पाहिली. रिकामी.

"हे काय बाबा? गोटे काऊन नाही टाकत?"

बाबा ओशाळले. "तुले पाखरं पायजे होते ना वं माय. आवाज तं करूनच राह्यलो मी. राखनबी झाली, पाखरंबी आले."

असा राग आला, की रडूच फुटलं. खाली कणसांची दाणे टिपलेली नुसती बुरकुंडं उरलेली. वर्षाची भाकर होती ती आमची, आणि माझ्या बापानं ती माझ्यापायी पाखरांना वाढली होती. पलीकडच्या बांधावर सर आणि मुलं दुर्बिणी लावून बसलीच होती. गप्प राहिले असते, तर कुणाला कळलं असतं? प्रबंध झाला असता. नाव झालं असतं.

जाळं फाडून मी एक गोटा उचलला आणि गोफणीत ठेवला.

"मारा बाबा."

"मंग तुही डिग्री?"

"मारा म्हनते ना!"

गोटा सुटला. अख्खं वावर उचलल्यासारखं झालं, गुलाबी आणि काळं, आणि नदीपलीकडं निघून गेलं. भोरड्या काहीसुद्धा शिकल्या नव्हत्या.

खाली उतरून मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी माझी वही घेतली, आमच्या वावराच्या पानांवर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा मोजू. ज्वारी उरलीच नव्हती, त्या वर्षी घरात बहुतेक रेशनच्या तांदळाचा भातच शिजला. भातानं पोट भरल्यावानी वाटत नाही, असं बाबा मायला म्हणायचे. मला मात्र तसं कधीच बोलले नाहीत.

पुढच्या थंडीत मी पुन्हा त्याच बांधावर बसले. तसंच धुकं, तसाच गार चहा. भोरड्यांचा थवा उतरला आणि बाबा माळ्यावर उभे राहिले. गोफण फिरवायच्या आधी त्यांनी हात उंच केला, चिमटीत धरलेलं काहीतरी माझ्याकडं वळवलं, आणि अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले. त्या हंगामात दर वेळी, एकही खेप न चुकता, ते असेच ओरडले.

"पाह्य वं माय, गोटा हाय! लिव!"