जिन्यात मिळालेली तारीख

मुलुंडला आमचा फ्लॅट तळमजल्यावर होता, तो माझ्या पायासाठी. दीड वर्षाची असताना पोलिओ झाला आणि डाव्या पायाला कॅलिपर, काखेत कुबडी कायमची आली. आई-वडील गेल्यावर पुढच्या खोलीत मी वकिलीचं टेबल मांडलं. पाटी माझ्याच नावाची होती, तरी येणारे दारातून डोकावून विचारत, वकीलसाहेब कधी येतील? मी म्हणायची, आलेत, बसा. काही बसत, काही पाणी पिऊन जात ते जातच. संध्याकाळी सातनंतर त्या खोलीत सोबतीला फक्त टाइपरायटर असे, आणि त्याचाही 'र' अडकायचा.

कोर्ट दुसऱ्या मजल्यावर होतं. शेहेचाळीस पायऱ्या, लिफ्ट नाही. मी अर्धा तास आधी पोहोचायची आणि कुणी बघायच्या आत वर जाऊन बसायची. कुणी हात पुढे केलाच, तर माझं उत्तर ठरलेलं असे: माझं मी येईन. हा माज होता, हे आता कबूल करते. तेव्हा मला तो स्वाभिमान वाटायचा.

पंच्याऐंशीच्या सुमारास भांडुपच्या चाळीतली एक विधवा माझ्याकडे आली. नवरा गिरणीत होता, संपानंतर वर्षभरात गेला. मालकाचा दावा होता की बाई गावाला राहते, खोली बंद असते, तेव्हा खोली रिकामी करून द्या. ती तिथेच राहत होती हे सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, शेजारचा म्हातारा. तोही सावंतवाडीकडे गावी गेलेला. साक्षीसाठी तो एस.टी.त रात्रभर बसून आला. खोली राहणार की जाणार, ते त्याच्या तोंडच्या चार वाक्यांवर होतं.

त्याच दिवशी पहिल्या मजल्याच्या वळणावर माझ्या कॅलिपरचा पट्टा तुटला. मी पायरीवर बसले, केसच्या कागदांची फीत सोडली आणि त्या फितीनं कॅलिपर बांधायला लागले. पदराआड, कुणाला दिसू नये म्हणून. तेवढ्यात आमच्यातले एक वयस्कर वकील वर जाताना थांबले. काय झालं, म्हणून विचारलं. मी हसून म्हणाले, "काही नाही, बसलेय जरा."

"बसा निवांत. वरचं मी बघतो," ते म्हणाले आणि गेले.

आम्हा वकिलांत एक रीत असते. एखाद्याला पोहोचायला अडचण असली, की दुसरा उभा राहून त्याच्यासाठी पुढची तारीख मागून घेतो. न सांगता करायचा तो सर्वांत मोठा उपकार. त्यांनी तोच केला. पाऊण तासानं मी वर पोहोचले तेव्हा आमचा पुकारा होऊन तीन महिन्यांनंतरची तारीख पडली होती आणि मालकाचा वकील खुशीत निघूनही गेला होता. मी न्यायाधीशांना विनंती केली. समोरची बाजू हजर नाही, आता काही करता येणार नाही, असं ते म्हणाले. रागवावं कुणावर? 'पुकारा झाला तर पाच मिनिटं थांबवून ठेवा, साक्षीदार आलाय,' एवढंच सांगायचं होतं मला. ते माझ्या तोंडून निघालं नाही.

म्हातारा परत गेला. तारखेच्या पंधरा दिवस आधी तो वारल्याचं पत्र आलं.

त्यानंतर ती बाई आली, तेव्हा तिच्या हातात दुसऱ्या वकिलाचं वकीलपत्र होतं. त्यावर माझी हरकत नसल्याची सही हवी होती. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिनं आधी माझ्या पायाची चौकशी केली. कुणीतरी तिला पट्ट्याचं सांगितलं होतं.

"बाई, तुमी माका एक हाक कित्याक मारूक नाय? मी वर जिन्याच्या तोंडाकच उभी होतंय."

मी सही केली. जाताना तिनं विचारलं, दार ओढून घेऊ काय? मी म्हणाले, नको, माझं मी घेईन.